टोल द्या आणि गप्प बसा: घरच्या घरी नादध्यान सुरू करणाऱ्यांसाठी

मी २९ वर्षं शाळेत शिकवलं, म्हणजे २९ वर्षं टोलावर जगले. व्हरांड्यात टांगलेली जाड पितळी तबकडी, लाकडी हातोडा आणि आमचे शिपाईमामा. निवृत्त झाले आणि महिन्याभरात कळलं की दिवस नुसता सपाट झालाय. रात्री तीनला डोळे टक्क उघडे. गोळ्यांच्या वाटेला जायचं नव्हतं.

तेव्हा नाशकात कॉलेज रोडवरच्या एका योगवर्गात जात होते. शेवटी शवासनात पडलो असताना शिकवणाऱ्या बाईंनी लाकडी ठोकळ्यावर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या दांडीवर एक टोल दिला. आवाज विरत गेला. तो नेमका कुठे संपला हे शोधता शोधता माझ्या डोक्यातली यादी (दूध, वीजबिल, भाचीच्या लग्नाचा आहेर) आपोआप थांबली. तिथून नादध्यानाचं, म्हणजे विरत जाणाऱ्या टोलावर मन ठेवण्याचं, हे वेड लागलं.

पुढचं दीड वर्ष मी मुख्यतः चुका केल्या. टोल देऊन वाजवायची धातूची वाटी चुकीची घेतली, चुकीच्या काठीने वाजवली, चुकीच्या वेळी वाजवली, शेजारणीचा रोष ओढवून घेतला. या सगळ्या चुकांचं मूळ एकच होतं: आवाज सुरू कसा होतो तेच मी ऐकत होते. या कामाला तो संपतो कसा ते ऐकायचं असतं. खालचं सगळं मार्गदर्शन या एका वाक्याभोवती फिरतं, तेव्हा ते लक्षात राहू द्या.

आणि एक आधीच सांगते. हे औषध नाही. रक्तदाबाची, थायरॉइडची, मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची. कानात सतत शिट्टी वाजण्याचा त्रास असेल किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका.

१. नाद हवा आहे की गजर, हे आधी ठरवा

बऱ्याच जणांना खरं तर फक्त बैठक सुरू झाली आणि संपली हे सांगणारी खूण हवी असते. जपानच्या झेन परंपरेत बैठकीच्या सुरुवातीला तीन टोल आणि शेवटी एक टोल देतात, मधला सगळा वेळ शांतता. तुमची आनापान (श्वासावर लक्ष ठेवणं), नामजप अशी काही साधना आधीपासून चालू असेल तर तुम्हाला एवढंच पुरे. त्यासाठी देवघरातली घंटी चालते, मोबाइलचा गजरही चालतो. पैसे खर्च करू नका.

दुसरा प्रकार म्हणजे विरत जाणारा नाद हेच ध्यानाचं आलंबन, म्हणजे मन टेकवायचा आधार. आपल्याकडे आघाताने निर्माण होणाऱ्या नादाला आहत म्हणतात आणि आघाताशिवायच्या नादाला अनाहत. आहताच्या शेपटाला धरून शांततेपर्यंत जायचं, असा हा साधा मामला. श्वासावर मन टिकत नाही अशांना हे सोपं जातं, कारण धरायला काहीतरी ऐकू येणारं असतं. पुढची पावलं या दुसऱ्या प्रकारासाठी आहेत.

२. बाजारात जाण्याआधी घरचं कपाट उघडा

आजीच्या काळातली काशाची वाटी आहे का बघा. तळपायाला तूप लावून घासायची ती. बऱ्याच घरांत माळ्यावर काशाचं ताटही असतं. काढा, धुवा, कोरडं करा. डाव्या हाताचा तळवा सपाट उघडा, त्यावर वाटी नुसती ठेवा (बोटांनी पकडायची नाही) आणि लाकडी चमच्याच्या टोकाला जुना मोजा गुंडाळून तिच्या बाहेरच्या अंगावर, काठाच्या थोडं खाली, हलकेच टोल द्या.

आवाज आला? किती वेळ टिकला? मोबाइलवर सेकंद मोजा. लहान वाटीचा आवाज बारीक असतो आणि लवकर विरतो, पण पहिले १५ दिवस सरावाला तेवढा पुरतो. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे ३,२०० रुपये वाचले असते.

देवघरातल्या घंटीचं काय? तिची अडचण तिच्या जिभेत असते. आतला लोलक एकदा आदळून थांबत नाही, परत परत टेकतो आणि आपल्याच आवाजाची मान मुरगळतो. त्यावर युक्ती अशी: लोलक दोऱ्याने बाजूला बांधा, घंटी मुठीला धरून उभी ठेवा आणि बाहेरून लाकडी काठीने एकच टोल द्या. तीच घंटी अगदी वेगळी वाजते. सासूबाईंना मात्र आधी विचारा. आमच्याकडे "देवाची घंटी देवाला राहू दे" असा निकाल लागला, आणि तो मला पटलाही.

३. काय काय मिळतं, थोडक्यात

वाटी: उशीवर किंवा कापडी चुंबळीवर ठेवून वाजवतात. नाद सगळ्यात लांब. नेपाळमधून येणाऱ्या हाताने ठोकलेल्या वाट्या चांगल्या असतात, पण त्यांच्या नावाखाली काय काय खपतं ते पुढे सांगते.

तास किंवा तबकडी: आमच्या शाळेतली ती. पल्ला मोठा, फ्लॅटमध्ये नको.

टाळ: दोन टाळांपैकी एक दोरीला धरून लोंबकळू द्या आणि दुसऱ्याच्या काठाने हलकेच स्पर्श करा. वारकरी घर असेल तर ही जोडी असतेच. नाद तीक्ष्ण असतो. कुणाला मानवतो, मला नाही.

दांडी किंवा पट्टी: योगवर्गात दिसते ती. ॲल्युमिनियमची, लाकडी ठोकळ्यावर बसवलेली. आवाज स्वच्छ, एकसुरी, घरी करता येण्यासारखी. नवख्याला मी हीच सुचवते. वाटीचा मोह सुटत नसेल तर चौथा मुद्दा वाचा, सुटत असेल तर थेट पाचव्यावर जा.

४. वाटी घ्यायची असेल तर

नाशिकचं नाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुनं आहे. जुन्या नाशकात भांडी बाजारात शिरलं की अजूनही दुकानांतून पितळेचे हंडे, घंगाळी, समया लटकलेल्या दिसतात. तिथे काशाची भांडी मिळतात. ध्यानासाठी म्हणून वेगळी वाटी मागितलीत तर पूजेच्या वस्तूंकडे बोट दाखवतील, तेव्हा सरळ काशाचा वाडगा मागा, जाड बुडाचा. धनत्रयोदशीच्या आठवड्यात जाऊ नका. ऐकायला निवांतपणा हवा, आणि त्या गर्दीत स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही.

सोबत न्यायचं:

- लोकर किंवा जाड कापड गुंडाळलेली एक काठी (दुकानदार पळीने वाजवून दाखवतो, त्यावर जाऊ नका)
- सेकंद मोजायला मोबाइल
- दुकानात शांत बसेल असा एक माणूस, कारण चार कान बरे
- जुना टॉवेल, गुंडाळून आणायला

आता धातूबद्दल थोडं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, घंटांच्या धातूत साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं कडक आणि ठिसूळ, म्हणून ते खूप वेळ गुंजत राहतं आणि पडलं की तडकतंही. पितळ मऊ, ते आवाज लवकर गिळतं. रंगावरून मात्र ठरवू नका, पॉलिश केल्यावर दोन्ही पिवळीधमक दिसतात. कानावर विश्वास ठेवा.

माझी पहिली वाटी मी ऑनलाइन मागवली. "सात धातूंची, सात ग्रहांची, हिमालयात पौर्णिमेला घडवलेली." पौर्णिमेचं माहीत नाही, पण ती लेथवर फिरवलेली पितळी वाटी होती. कोरलेली नक्षी एकसारखी, हातोडीच्या खुणा छापल्यासारख्या. ठण्ण करून वाजायची आणि सहा-सात सेकंदांत संपायची. सात धातूंची गोष्ट जिथे तिथे ऐकाल. जुन्या वाट्यांची तपासणी झाली आहे तिथे मुख्यतः तांबं आणि कथीलच निघालं आहे, बाकीचे धातू असले तर अंशमात्र. "४३२ हर्ट्झला लावलेली", "या स्वराने अमुक चक्र उघडतं" असं लिहिलं असेल तर ते फक्त किंमत वाढवायला लिहिलंय असं समजा.

दुकानात या क्रमाने ऐका:

पहिला टोल द्या आणि घड्याळ बघा. तळहातावर धरलेला मध्यम वाडगा २५-३० सेकंद तरी ऐकू आला पाहिजे, तोही बाजारातल्या गोंगाटात. घरी तो आणखी लांबतो.

दुसरा टोल दिल्यावर शेपूट ऐका. चांगल्या वाटीत वरचे बारीक आवाज आधी विझतात आणि खालचा जाड सूर शेवटपर्यंत राहतो. शेवटी खरखर किंवा भुणभुण उरत असेल तर कुठेतरी चीर आहे. बद्द आवाज आला तर ती वाटी हातातून खाली ठेवा. कितीही सुंदर असो, भाव कितीही पाडून मिळो.

तिसऱ्या टोलाला डोल शोधा. आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, वँव-वँव-वँव असा. वाटी कधीच तंतोतंत गोल आणि एकसारख्या जाडीची नसते. त्यामुळे तिच्यात अगदी जवळजवळचे दोन सूर उमटतात आणि त्यांच्या भांडणातून हा डोल येतो. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा सुरात येताना जो डोल ऐकू येतो, तोच. डोल संथ असेल, सेकंदाला एखादा किंवा त्याहून कमी, तर उत्तम. भराभर डोलणारी वाटी मन शांत करण्याऐवजी बेचैन करते.

आणि हे मला दीड वर्षाने कळलं: त्याच वाटीवर टोलाची जागा बदलली की डोल बदलतो. वाटी थोडी थोडी फिरवत काठाच्या आठ जागी टोल देऊन बघा. एखाद्या जागी डोल जवळजवळ नाहीसाच होतो, कारण तिथे दोनांपैकी एकच सूर जागा होतो. मी माझ्या आवडत्या जागेवर बाहेरून कुंकवाचा ठिपका लावून ठेवलाय.

कासं वजनावर विकलं जातं, तेव्हा त्या दिवसाचा भाव आधी विचारा, वाटी आपल्यासमोर तोलून घ्या आणि बिलावर नुसतं "भांडं" असं न लिहिता धातूचं नाव लिहून घ्या. पुढे मोडीत द्यायची वेळ आली तर तो कागद उपयोगी पडतो.

५. पट्टी घरी करायची असेल तर

माझ्या मते पहिल्या सहा महिन्यांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग. सातपूर-अंबडकडे औद्योगिक वसाहत असल्याने नाशकात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि सळया विकणारी दुकानं आहेत, आणि हवी तेवढी लांबी कापूनही मिळते. कारखान्यात काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर तुकडा फुकटातही पडतो. मला तसाच मिळाला.

लागणारं सामान:

- ॲल्युमिनियमची सपाट पट्टी, ६ मिमी जाड, अडीच-तीन सेंमी रुंद, २५ सेंमी लांब
- कानस आणि बारीक पॉलिश पेपर
- पाट किंवा जाड लाकडी फळी
- जुन्या स्वेटरच्या दोन पट्ट्या, गुंडाळी करून बोटाएवढ्या जाड
- चिमूटभर रांगोळी
- काठीला खोचलेला मुलांचा उसळी चेंडू (ही आपली मोगरी)

आधी कापलेली टोकं कानशीने घासून गोल करा, नाहीतर हात कापेल.

आता खरी गंमत. दोन्ही टोकं मोकळी असलेली पट्टी वाजते तेव्हा ती मधून आणि टोकांना हलते, पण दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. या जागा प्रत्येक टोकापासून एकूण लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असतात. २५ सेंमीच्या पट्टीसाठी हिशेब येतो ५.६ सेंमी. आधार नेमका तिथे द्यायचा. भलतीकडे दिला तर पट्टी टक् करून गप्प होते, आणि लोक म्हणतात "ॲल्युमिनियमचा आवाजच येत नाही".

हिशेबावर विश्वास नसेल तर रांगोळीला विचारा. पट्टी स्वेटरच्या गुंडाळ्यांवर अंदाजाने ठेवा, वर बारीक रांगोळी भुरभुरवा आणि मध्यावर हलके हलके टोल देत राहा. रांगोळी नाचत नाचत सरकते आणि दोन आडव्या रेघांत गोळा होते. त्या रेघा म्हणजे त्या स्थिर जागा. पेन्सिलीने खूण करा, गुंडाळ्या सरकवून नेमक्या त्या खुणांखाली आणा. माझ्या नातवाला हे दाखवलं, तेव्हापासून घरातली रांगोळी संपत असते.

या मापाच्या पट्टीचा सूर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास येतो. जास्त खर्जातला हवा असेल तर लांब पट्टी घ्या, ३० सेंमीला तो ३५० च्या जवळ उतरतो. लांबीचा परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो. पट्टी निम्मी केली तर सूर दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे थेट दोन सप्तकं वर. तेव्हा कापताना एकदम कापू नका. रुंदीने सुरात फरक पडत नाही, फक्त आवाज थोडा भरदार होतो. आवाज बारका वाटला तर फळीऐवजी रिकामी लाकडी पेटी खाली ठेवून बघा.

मोगरीवर कंजुषी करू नका. कडक लाकडाने मारलं तर पहिला टणत्कार मोठा येतो आणि दचकायला होतं. फार मऊ कापूस गुंडाळला तर नाद उमटतच नाही. उसळी चेंडू नेमका मधला.

६. टोल देणं

शिपाईमामांना मी एकदा विचारलं होतं की तुमचा टोल मैदानाच्या टोकापर्यंत जातो आणि मुलांनी चोरून दिलेला नुसता खडखडतो, असं का? ते म्हणाले, "बाई, पोरं मारतात. मी हात लावून काढून घेतो."

एवढंच आहे. मोगरी टेकताक्षणी मागे आली पाहिजे. मनगट सैल, खांदा स्वस्थ. मोगरी धातूवर क्षणभर जास्त रेंगाळली तर तीच नाद दाबून टाकते. व्हिएतनामी बौद्ध भिक्षू थिच न्हात हान्ह यांच्या परंपरेत घंटा "वाजवली" असं म्हणत नाहीत, तिला "आमंत्रण दिलं" म्हणतात. आधी मोगरी घंटेला टेकवून ठेवत एक दबका, अर्धा टोल द्यायचा, म्हणजे ऐकणारे सावध होतात, एक श्वास थांबायचं आणि मग पूर्ण टोल. हे मी उचललंय. अर्ध्या टोलामुळे दचकणं बंद झालं.

पट्टीला टोल मध्यावर. वाटीला काठाच्या थोडं खाली, बाहेरून. कानाजवळ नेऊन वाजवायचं नाही. दुसऱ्याच्या कानाजवळ तर नाहीच, हौशी लोक तसं करतात. हातभर अंतर ठेवा. वाटी अंगावर ठेवून वाजवायचे प्रकारही चालतात. गरोदरपणात, पेसमेकर असेल तर किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि काठावर काठी घासत फिरवून वाटीला गायला लावणं? शिका, मजा येते. पण त्यात हात गुंतून राहतो आणि नाद संपतच नाही. आपल्याला तर संपणाराच हवा आहे.

७. पहिली बैठक: दहा मिनिटं, बारा-पंधरा टोल

वेळ निवडा. नाशकात माझ्या अनुभवाने पहाटे पाच ते सहा सगळ्यात चांगला. पंखा बंद करा. पंख्याची घरघर नादाचं शेपूट खाऊन टाकते आणि मग तुम्हाला वाटतं की वाटीच वाईट. फ्रीज असलेल्या खोलीत बसू नका. हे बारीकसारीक वाटेल, पण निम्म्या लोकांचा उत्साह इथेच गळतो.

खुर्चीवर बसा किंवा मांडी घाला. पाठ ताठ, पण कवायतीसारखी नको. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका.

अर्धा टोल. एक श्वास. श्वास सोडायला लागताना पूर्ण टोल.

आता नादाबरोबर जा. पहिले दोन-तीन सेकंद तो भरलेला असतो, तिथे काही करू नका. मग तो पातळ व्हायला लागतो. ऐकण्यासाठी तुम्हाला किंचित पुढे व्हावंसं वाटेल, शरीराने नव्हे, लक्षाने. तो आता संपेल, आता संपेल असं वाटत असतानाच थोडा उरतो. शेवटी अशी जागा येते की तो आहे की आपल्याला नुसता आठवतोय हे सांगता येत नाही. ती जागा धरून ठेवू नका. ती आली आणि गेली की तीन श्वास नुसते बसा. मग पुढचा टोल.

या तीन श्वासांत बाकीची दुनिया ऐकू येते: दूधवाल्याची सायकल, पारव्यांचं घुमणं, कुठेतरी देवळाची घंटा. ऐकू द्या.

मन भरकटणारच. चौथ्या टोलाला मी हमखास वीजबिलावर असते. लक्षात आलं की खेद न करता पुढच्या टोलाची वाट बघायची. या पद्धतीचा मला सगळ्यात आवडणारा भाग हाच की परत यायला दर चाळीस-पन्नास सेकंदांनी दार उघडतं.

टोल मोजायचे नाहीत. मोजायला लागलात की ध्यान संपून हजेरी सुरू होते. बारा की पंधरा हे घड्याळाला ठरवू दे.

८. झोपेसाठी वेगळं

रात्री बसून पंधरा टोल दिलेत तर उलट तरतरी येईल, माझं तसंच झालं. झोपेसाठी अंथरुणावर पडून तीनच टोल, शक्यतो दुसऱ्या कुणी दिलेले, प्रत्येक आधीच्याहून हलका. दुसरं कुणी नसेल तर पट्टी उशाशी ठेवा, पण तिसऱ्या टोलानंतर मोगरी हातातून खाली ठेवायची. "अजून एक" म्हणत राहिलं की मोबाइल चाळण्यात आणि यात फरक उरत नाही. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब राहील एवढंच बघा, ओढूनताणून नको.

माझी तीनची जाग पूर्ण गेली का? नाही. आठवड्यातून दोन-तीनदा येते. पण आता तेव्हा मी छताकडे बघत हिशेब करत नाही.

९. कुठे अडेल

शेजारी. फ्लॅटच्या भिंतीतून खर्ज लांब जातो. वाटी थेट फरशीवर किंवा भिंतीला लागून असलेल्या टेबलावर ठेवली तर खालच्या घरात ऐकू जाते. खाली जाड उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवा. आमच्या खालच्या वहिनींनी आठवडाभर "पहाटे कुणाकडे आरती असते हो?" असं विचारून मला शरमिंदं केलं होतं. गणपतीआधी ढोलपथकांचा सराव चालू झाला की मात्र संध्याकाळची बैठक सोडूनच द्या. नाशिक ढोलापुढे काशाच्या वाटीने काय करावं!

बाहेर जाऊन बसण्याचा मोह. मी सगळं करून पाहिलंय. सोमेश्वरला पाण्याचा आवाज शेपूट गिळतो. गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर) पहाटे वातावरण सुंदर, पण तिथे आधीच शंभर घंटा असतात. पांडवलेण्यांत दगडी कक्षात आवाज काय घुमतो! पण ती संरक्षित वास्तू आहे आणि आपल्याशिवाय इतरही लोक शांततेसाठी आलेले असतात. तिथे नुसतं बसा, वाटी पिशवीतच राहू द्या. आणि इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला जाणार असाल तर हे सगळं सामान घरी ठेवून जा. तिथेही पहाटे चारला घंटा होते, पण ती उठवण्यासाठी. साधनेत नादाचा आधार घेत नाहीत आणि शिबिरात इतर पद्धती मिसळू नका असं सांगतात.

घंटा ऐकायला मात्र एकदा नारोशंकराच्या देवळाकडे जा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून आलेली ती घंटा गोदाकाठी टांगलेली आहे. वाजवायला मिळेल म्हणून नाही. एवढी मोठी वस्तू नुसती लटकलेली बघताना, तिच्यात न वाजलेला आवाज किती असेल हे मनात येतं, आणि त्या दिवशीची माझी बैठक बरी झाली होती.

कुत्रा. आमच्या गल्लीतला एक बारीक सुराला सूर लावून रडतो. खर्जाची वाटी घेतल्यापासून थांबला.

कंटाळा. साधारण दुसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हा नवी वाटी विकत घ्यावीशी वाटते. घेऊ नका. टोल निम्म्या जोराने द्या, म्हणजे ऐकायला दुप्पट लक्ष लागतं. माझ्याकडे आता चार वाट्या आहेत आणि मी एकच वाजवते, तेव्हा हा सल्ला ऐकून घ्या.

१०. निगा

काशाला चिंच, लिंबू घासून रोज लखलखीत करायची गरज नाही. काळपटपणाने सुरात काही फरक पडत नाही. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, बोटांचे तेलकट डाग राहू देऊ नका. फारच डागाळलं तर महिना-दोन महिन्यांनी चिंच, लगेच स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडं. ॲल्युमिनियमच्या पट्टीला चिंच लावायची गरज नाही. साबणाचं पाणी पुरे.

वाटीत पाणी, फुलं, अगरबत्तीची राख ठेवू नका. पाण्याने सूर उतरतो. एकात एक रचून ठेवू नका, मध्ये कापड घाला. आणि उंचावर ठेवू नका. माझी दुसरी वाटी, भांडी बाजारातून पारखून आणलेली, खिडकीच्या कट्ट्यावरून फरशीवर आली. बाहेरून काही दिसत नव्हतं. टोल दिला तर बद्द.

तडकलेलं कासं डाग लावून परत गात नाही, तेव्हा डागवण्यावर पैसे घालू नका. भांड्याच्या दुकानात मोडीत वजनावर घेतात, नव्या वाटीच्या किमतीतून वळते करतात. माझे तसेच झाले. ती ऑनलाइन आलेली पौर्णिमेची पितळी वाटी मात्र घरातच आहे. गॅलरीत तिच्यात चिमण्यांना पाणी ठेवते.